कड्यावरची जागा

दिरफिन्नाला कोणी वयाची आठवण करून दिली, की ती आधी त्या माणसाच्या बुटांकडे बघायची. बूट धड नसतील तर पुढचं ऐकूनच घ्यायची नाही. बेर्गस्वेनचे बूट मात्र चांगले होते, झिजलेले आणि तेल पाजलेले, आणि डोंगरावरून मेंढ्या उतरवणाऱ्या माणसांचा तो अकरा वर्षं म्होरक्या होता. म्हणून त्या पहाटे तिनं त्याचं उभ्या उभ्या ऐकून घेतलं.

"यंदा नदीकाठची जागा घे," बेर्गस्वेन तपकिरीची डबी चाचपत म्हणाला. "सपाट आहे. मेंढ्याही तिथंच जास्त मिळतात. कड्यावर ओर्रीला पाठवतो."

"ओर्रीला? त्याला शिडीवर चढवलं तरी घेरी येते."

"ऐकू येतंय मला," ओर्री जीपमागून ओरडला.

"ऐकू यावं म्हणूनच बोलतेय."

सगळे हसले. थ्वेरदाल दरीच्या तोंडाशी बावीस माणसं आणि नऊ कुत्री थंडीनं पाय आपटत उभी होती. उन्हाळाभर इथल्या सगळ्या घरांच्या मेंढ्या डोंगरावर मोकळ्या असतात. पहिला मोठा बर्फ पडायच्या आत त्या खाली आल्या तर आल्या, नाहीतर गेल्या म्हणून समजायचं. त्यासाठी नदीपासून कड्यापर्यंत माणसांची एक रांग लागते. पूर्वेच्या अंगानं चढायचं, दरीच्या डोक्याशी डोंगरानं जी भलीमोठी वाटी केली आहे तिला वळसा घालायचा, आणि पश्चिमेच्या अंगानं सगळा कळप पुढे घालून उतरायचं. पहाटे निघालेला माणूस संध्याकाळी निघाल्या जागी परत येतो, फक्त गुडघे त्याचे राहिलेले नसतात. रांगेत प्रत्येकाला शेजारचा दिसत राहायला हवा. कुठं भोक पडलं, की मेंढ्या नेमक्या त्यातूनच मागे पळणार. त्या बाबतीत मेंढीइतकं हुशार जनावर नाही. सगळ्यात वरचा माणूस कड्यालगत चालतो. चढ त्याचा मोठा, वळसा त्याचा मोठा, वारा तर सगळा त्याचाच. ती जागा दिरफिन्नाची होती, अठ्ठावीस वर्षं. त्याआधी तिच्या वडिलांची होती.

"हे बघ," बेर्गस्वेन म्हणाला, आणि आता तो हसत नव्हता. "तू एकोणसत्तर वर्षांची आहेस. गेल्या वर्षी शेवटच्या घळीत तू तीनदा बसलीस, मी दुर्बिणीतून मोजलंय. वर तुझं काही बरंवाईट झालं तर खाली आणायला चार तास लागतील. म्होरक्या मी आहे. तोंड मला दाखवायचंय लोकांना."

"काही होत नाही मला."

"मग एक शब्द दे. आज जा कड्यावर. पण रांगेला तुझ्यासाठी एकदा जरी थांबावं लागलं, तर पुढच्या वर्षीपासून तू खाली. वाद नाही, रुसवा नाही."

दिरफिन्नानं हातमोजा काढला आणि उघडा हात पुढे केला. बेर्गस्वेननंही काढला. त्या खोऱ्यात असा दिलेला शब्द फिरवल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही.

"आणि तुझ्या खालच्या जागेवर सोलरून चालेल," बेर्गस्वेन हळूच म्हणाला, आणि दिरफिन्नाच्या मुलीची नजर टाळून तपकीर ओढायला वळला.

टाळणारच की! हा करार मुळात सोलरूनच्याच डोक्यातून निघालेला. ऑगस्टमध्ये तिनंच बेर्गस्वेनला फोन केला होता. सोलरून एक्केचाळीस वर्षांची, राजधानीत रेक्याविकला पोहायला शिकवायची. वडील जाऊन चार वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून आई त्या शेतावर एकटी, एकशे चाळीस मेंढ्या आणि एक कुत्रा घेऊन. हिवाळ्यात फोन वाजला की सोलरून हातातलं टाकून धावायची. आईला सांगून पाहिलं, भांडून पाहिलं, रडूनही पाहिलं. शेवटी तिला एवढं कळलं, की आईला मेंढ्यांपासून तोडायचं तर आधी त्या कड्यावरून उतरवायला हवं. कड्यावरची जागा सुटली की बाकीचं आपोआप सुटेल. माया होती म्हणूनच केला हा कट. कट म्हटलेलं तिला आवडलं नसतं, पण मला दुसरा शब्द सुचत नाही.

चढ सुरू झाला तेव्हा अजून पुरतं उजाडलं नव्हतं. बेरींच्या झुडपांची पानं लाल झालेली, त्यांवर दव गोठलेलं, आणि पायाखाली सगळं कुरकुरत होतं. सोलरूनला वाटलं होतं, आई मागे पडेल. आपण रोज दोन किलोमीटर पोहतो, दम काय तो आपल्याला! अर्ध्या तासात तिचं तोंड लाल झालं, आणि आई सत्तर पावलं वर, एकाच चालीनं, जणू स्वयंपाकघरातून गोठ्यात चाललीय.

"पळू नकोस गं," वरून आवाज आला. "डोंगर कुठं जात नाही."

"मी पळत नाहीये!"

"मग श्वास का टाकतेस एवढा? थोडा मला ठेव."

सोलरून उभी राहिली, गुडघ्यांवर हात ठेवून हसली, आणि मग तिनं मान वर केली. सूर्य नुकताच समोरच्या धारेवरून आला होता. ग्राउफेल डोंगराचा अख्खा कडा, जो इतका वेळ नुसता काळा होता, तो वरून खाली उजळत आला. आधी माथ्यावरचा नवा बर्फ, मग त्याखालचे दगडांचे थर, मग सुट्या दगडांचा घसारा, मग हिरवंपिवळं गवत. आणि त्या एवढ्या सगळ्यात तिची आई म्हणजे चालणारा एक निळा ठिपका. सोलरूनच्या अंगावर काटा आला. याच डोंगराखाली ती जन्मली होती, पण याच्या अंगावर उभं राहून याला बघायची तिला वीस वर्षांत आठवणसुद्धा झाली नव्हती. माणूस एवढ्याला कसं विसरू शकतो, या विचाराची तिला लाज वाटली.

तासामागून तास गेले. घळी आल्या, त्यांत उतरायचं आणि पलीकडे तेवढंच पुन्हा चढायचं. मेंढ्या दिसू लागल्या, तीन इथं, पाच तिथं. काउतुर, दिरफिन्नाचा काळा कुत्रा, एका शिट्टीवर सुटायचा आणि त्यांना हुसकून खालच्या माणसाकडे लावून द्यायचा. वॉकी-टॉकीवर ओर्रीचं तोंड बंद नव्हतं.

"कड्यावरच्या राणीसाहेब, वर हवा कशी आहे?"

"तुझ्या बडबडीपेक्षा थंड."

"माझा एक बूट फाटला."

"दुसरा कधी फाटतो ते कळव," दिरफिन्ना म्हणाली, आणि तिच्या हसण्यात धाप अजिबात नव्हती. रांग कुठंही थांबली नव्हती. सोलरून मनातल्या मनात मोजत होती, आणि मोजताना तिला कळेना की आपल्याला नक्की काय हवंय.

दुपारी दोघी वाटीच्या काठाशी पोचल्या. तिथं रांग वळते, त्यामुळे वरच्या दोघांना जवळजवळ यावं लागतं. दोघी एका दगडाच्या आडोशाला टेकल्या. दिरफिन्नानं सुका मासा काढला, हातानं फाडला, त्यावर बोटानंच लोणी थापलं आणि लेकीला दिला. समोर ती वाटी पसरली होती. तीन बाजूंनी सरळ उभे कडे, मधे हिरवं तळं, आणि इतकी शांतता की दूरवर कुठंतरी एक दगड घरंगळला तो शेवटपर्यंत ऐकू आला. दोघींपैकी कोणी चावतसुद्धा नव्हतं.

"माझे वडील इथं टोपी काढायचे," दिरफिन्ना म्हणाली. "देवळात काढायचे नाहीत, झोप लागायची तिथं. इथं काढायचे."

आणि मग तिनं समोर बोट केलं. "ती बघ."

वाटीच्या मागच्या कड्यात, घसाऱ्याच्या वर, एका खडकाच्या कुशीत एक पांढरा ठिपका होता.

सोलरूननं पाहिलं. तिचे डोळे तीक्ष्ण होते, लहानपणापासून. पांढऱ्या ठिपक्याची कड सरळ होती आणि त्याच्याखाली खडकावर ओल्याची काळी रेघ उतरली होती. मेंढीचा पांढरा पिवळट असतो, बर्फाचा निळसर. हे तिला आईनंच शिकवलं होतं, सहा वर्षांची असताना, खांद्यावर बसवून. तो बर्फ होता. गेल्या हिवाळ्यातला, न वितळलेला एक तुकडा.

या खोऱ्यात बर्फाला मेंढी समजून चढला नाही असा माणूस नाही. पोरवयात केलं तर वर्षभर चिडवतात आणि सोडून देतात. म्हातारपणी केलं तर कोणी चिडवत नाही, आणि तेच वाईट.

"मेंढीच ना?" दिरफिन्नानं विचारलं. डोळे बारीक करून बघत होती ती. "तुला काय दिसतं?"

सोलरूनच्या हातात मासा तसाच राहिला. एक शब्द बोलायचा होता. 'बर्फ आहे गं आई,' म्हटलं असतं तर दोघी उठून पुढे चालू लागल्या असत्या. पण मग संध्याकाळी आई जिंकली असती, आणि पुन्हा हिवाळा, पुन्हा फोनची ती घंटा.

"मेंढीच वाटते," सोलरून म्हणाली.

दिरफिन्नानं वॉकी-टॉकी तोंडाशी धरला. "कड्यावरून बोलतेय. थांबा."

 खालून बेर्गस्वेन बोलला, "दिरफिन्ना, सकाळचं लक्षात आहे ना?"

"आहे. वाटीच्या पाठीला एक मेंढी अडकलीय. तिला सोडून कशी येऊ?"

"बरं," बेर्गस्वेन म्हणाला, आणि त्या भल्या माणसाला तिला वाट द्यावीशी वाटली असणार. "मेंढी असेल, तर रांग मेंढीसाठी थांबली असं धरीन. नसेल, तर तुझ्यासाठी थांबली."

"कबूल," ती म्हणाली, काठी उचलली, काउतुरला शिट्टी मारली आणि गेली.

पुढचा पाऊण तास सोलरूनच्या आयुष्यातला सगळ्यात लांब. तो घसारा खालून दिसतो तसा नाहीच. पाऊल टाकलं की पायाखालचं सगळं अर्धा हात खाली सरकतं. दिरफिन्ना तिरकी चढत होती, काठी वरच्या अंगाला रोवून, आधी एक पाय, मग दुसरा. दमली की उभी राहायची, बसायची नाही. एकदा तिच्या पायाखालून दगडांचा एक लोंढा सुटला आणि तळ्यापर्यंत धडधडत गेला. त्या धुरळ्यात निळा ठिपका क्षणभर दिसेनासा झाला.

सोलरून उठून उभी राहिली होती. वॉकी-टॉकी हातात होता, बटणावर अंगठा होता. 'आई, परत ये, तो बर्फ आहे.' एवढंच तर म्हणायचं! नालायक, ती स्वतःला म्हणाली, आईला वाचवायला निघालीस आणि मारायला पाठवलंस. पण आता सांगायचं तर सगळी रांग ऐकणार, आणि उतरताना तिचं लक्ष विचलित झालं तर? अशी आपली एकेक कारणं ती शोधत राहिली आणि अंगठा दाबला गेला नाही. धुरळा बसला. ठिपका पुन्हा दिसला, होता त्याच्याही वर. त्या क्षणी सोलरूनला आईचं भय वाटलं, खरंखुरं, जसं मोठ्या पाण्याचं वाटतं. कोण आहे ही बाई? हिला मी रेक्याविकच्या कुठल्या फ्लॅटमध्ये नेऊन ठेवणार होते?

दिरफिन्ना पांढऱ्या ठिपक्यापाशी पोचली. थांबली. बराच वेळ तशीच उभी राहिली. मग खडकाच्या पलीकडे गेली आणि दिसेनाशी झाली.

वारा सुटला. खालून ओर्री एकदा म्हणाला की त्याच्या नाकाचा बर्फ झालाय.

मग वॉकी-टॉकीवर आईचा आवाज आला, अगदी हळू, जणू शेजारी कोणी झोपलंय. "सोलरून. वर ये. एकटीनं जमायचं नाही."

सोलरून त्या घसाऱ्यावर कशी चढली हे तिला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही. हातांनी, गुडघ्यांनी, अर्धी रडत. वर पोचली तेव्हा आधी तो बर्फ लागला. टेबलाएवढा तुकडा, वर धूळ बसलेली. आणि त्या धुळीत एका उघड्या पंजाचा ताजा ठसा होता. आईनं हातमोजा काढून हात लावून पाहिला होता. म्हणजे तिला कळलं होतं.

खडकाला वळसा घातला आणि सोलरून जागच्या जागी खिळली.

पलीकडे कड्यात एक सपाट टप्पा होता, दोन खाटा मावतील एवढा रुंद, वर पुढे झुकलेला खडक. त्यावर गवत होतं, दातांनी मुळापर्यंत खाल्लेलं. काउतुर पोटावर झोपून थरथरत होता, पण पुढे सरकत नव्हता. आणि खडकाला पाठ लावून एक मेंढी उभी होती, दगडाच्याच रंगाची, तपकिरी. आधी सोलरूनला ती मेंढी वाटलीच नाही, एवढं ते मोठं होतं. लोकर जमिनीला टेकलेली. वरची जुनी लोकर उन्हापावसानं फिकी पडून जटा होऊन लोंबत होती, आणि खालून दाट, नवी लोकर वर आलेली. दोन वर्षांची लोकर एका अंगावर. तिच्या आड आणखी एक होती, पूर्ण वाढलेली, डोळे फाडून बघणारी. तिला माणूस काय असतो ते बहुधा आठवतही नव्हतं.

"मोरा," दिरफिन्ना म्हणाली.

गेल्या सप्टेंबरात मोरा आणि तिचं कोकरू खाली आलंच नव्हतं. ऑक्टोबरात पुन्हा शोधलं, मिळालं नाही. मग बर्फ पडला आणि दिरफिन्नानं त्या दोघींची आशा सोडून दिली होती.

"अख्खा हिवाळा," ती म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. "जानेवारीत आपल्या गोठ्याचं दार तीन दिवस उघडत नव्हतं गं. मी आत खणत गेले. सूर्य महिनाभर दिसला नाही. तेव्हा ही इथं होती. याच गवतावर. वारा इथला बर्फ उडवून लावत असणार, तेवढ्यावर राहिली. कोकराला आतल्या बाजूला घेऊन."

 सोलरूननं खाली पाहिलं. सगळी दरी पायाखाली होती, नदी दोऱ्याएवढी, माणसं तर दिसतही नव्हती. काळोखात, त्या वादळात, इथं, एका मेंढीनं ठरवलं होतं की मरायचं नाही. छाती दडपून जावी असं ते होतं. दोघी मायलेकी एकमेकींचा हात धरून तशाच उभ्या राहिल्या, देवासमोर राहावं तशा.

मग दिरफिन्नानं नाक ओढलं. "बास झालं. शिंग धर तिचं. लाथ मारील, सांभाळ."

लाथ मारलीच. एक नाही, तीन. मोराला दोघींनी शिंगांना धरून उतरवलं, आणि कोकरू, म्हणजे आता चांगली दांडगी मेंढी, आईमागून आपणहून आलं. अर्ध्या घसाऱ्यात दिरफिन्नानं वॉकी-टॉकी काढला. "सापडली. मोरा आहे. कोकरूपण आहे. दोघी जिवंत."

 मग खालच्या सगळ्यांचा असा गलका झाला की काउतुर भुंकू लागला.

"मोरा?" ओर्री किंचाळत होता. "वाटीच्या काठावरून तुला मोरा दिसली? ती तर दगडाच्या रंगाची आहे! बाई, डोळे आहेत की गरुड पाळलाय?"

 दिरफिन्नानं वॉकी-टॉकी खिशात टाकला. सोलरूनकडे पाहिलंही नाही.

रांग दीड तास थांबली होती. ती पुन्हा चालू लागली आणि पश्चिमेच्या अंगानं उतरली. मोराला जटांमुळे पळता येत नव्हतं, म्हणून सगळे तिच्या चालीनं चालले, आणि कोणी कुरकुर केली नाही. शेवटच्या वळणावर सोलरूननं खाली पाहिलं तेव्हा बाजूबाजूच्या घळींतून मेंढ्या खाली लोटत होत्या, पांढऱ्या, काळ्या, करड्या, आणि मधे नदीकाठी त्यांचा एकच पट्टा झाला होता, हजारभर तरी असतील, त्यांच्या ओरडण्यानं सगळं खोरं भरून गेलं होतं. उतरतं ऊन त्यांच्या पाठींवर होतं. तिला वाटलं, हे थांबू नये. आपण इथं काय करायला आलो होतो हे तिला आठवलं.

दगडी कोंडवाड्यात सगळं खोरं जमलं होतं. मोराभोवती तर जत्राच. जो तो तिच्या लोकरीत हात घालून बघत होता, कोपरापर्यंत जात होता हात. म्हाताऱ्या बायका तिच्या कानावरची मालकीची खाच बोटानं चाचपून खात्री करत होत्या, जणू डोळ्यांवर विश्वास नव्हता. बेर्गस्वेन भिंतीवर चढला. त्याच्या हातात ती मळकी यादी होती, कोणी कुठल्या जागेवर चालायचं त्याची.

"ऐका रे!" तो म्हणाला. "सकाळी मी दिरफिन्नाशी एक करार केला. आज रांग थांबली. पण ती मेंढीसाठी थांबली, आणि कसल्या मेंढीसाठी ते तुम्ही बघताय. जिला तिथून मोरा दिसते तिला वय सांगणारा मी गाढव. कड्यावरची जागा दिरफिन्नाची, तिला हवी तोपर्यंत."

टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या, ओर्रीनं खिशातली बाटली तिच्यापुढे धरली. सोलरूनही टाळ्या वाजवत होती. हरलो, तिच्या मनात आलं, आणि बरं झालं हरलो. आणि आईनं आता फक्त गप्प राहावं, एवढीच तिची इच्छा होती.

दिरफिन्नानं बाटली बाजूला सारली.

"थांब, बेर्गस्वेन. मला मोरा दिसली नव्हती."

टाळ्या विरत गेल्या.

"मला बर्फ दिसला," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, पण हात काठीवर घट्ट होते. "मला ती मेंढी वाटली. वर जाऊन हात लावला तेव्हा कळलं. मोराला काउतुरच्या नाकानं शोधलं, मी नाही. तो नसता तर मी तशीच खाली आले असते. अख्खी रांग दीड तास थंडीत उभी होती, ती एका बर्फाच्या तुकड्यासाठी. आज नशीब होतं. नशिबाच्या भरवशावर कड्यावर चालत नाहीत. ज्याला बर्फ आणि मेंढी वेगळी कळत नाही त्यानं वर जाऊ नये, माझे वडील हेच म्हणाले होते आणि त्याच दिवशी खाली उतरले होते. रांग माझ्यासाठी थांबली. माझं नाव खोड."

 बेर्गस्वेन यादी धरून भिंतीवर तसाच उभा. हेच वाक्य ऐकायला सोलरून ऑगस्टपासून धडपडत होती. ते आलं, आणि तिला वाटलं कोणीतरी आपल्या छातीत बुक्की मारली.

"मला दिसलं होतं," ती म्हणाली. फार मोठ्यानं म्हणाली, सगळ्या कोंडवाड्याला ऐकू जाईल एवढ्यानं. "तो बर्फ आहे हे. तू विचारलंस तेव्हाच. मी मुद्दाम मेंढी म्हणाले, आई. रांग थांबावी म्हणून. तुझी जागा जावी म्हणून. बेर्गस्वेनला करार करायलाही मीच सांगितलं होतं."

दिरफिन्ना वळली. तिनं लेकीकडे इतका वेळ पाहिलं की ओर्रीनं उगाच घसा खाकरला.

"काठावरून?" तिनं विचारलं. "मी बसले होते तिथून?"

"हो."

"कशावरून ओळखलास?"

"खाली ओल होती. खडकावर."

दिरफिन्नानं डोंगराकडे पाहिलं.  "तो घसारा वाईट आहे," ती शेवटी म्हणाली. "मी मेले असते."

"हो," सोलरून म्हणाली, आणि तिला हुंदका आवरेना.

"पुन्हा असं कधी केलंस तर मी तुझं तोंड बघणार नाही. समजलं?"

"हो."

"बेर्गस्वेन," दिरफिन्ना त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "लिही. पुढच्या वर्षी कड्यावर, सोलरून."

"आई! मी कशी... मी तर रेक्याविकला..."

"मला जे दिसलं नाही ते तुला दिसलं. आणखी काय लागतं वर?" तिनं काठी सोलरूनच्या हातात दिली, कोंडवाड्याचं फाटक ढकललं आणि मोराच्या शिंगाला हात घातला. "रजा आत्ताच टाकून ठेव. ऐन वेळी देत नाहीत."

बेर्गस्वेननं पेन्सिल जिभेला लावली आणि सोलरूनकडे पाहिलं. तिनं मान डोलावली. त्यानं लिहिलं.